रक्त कोर्टात चालत येत नाही, ते कोणीतरी आणते!

खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील उलटतपासणीला उभा राहिला की आपल्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते. मेलेला माणूस आपला, कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसलेली आई आपली, आणि हा काळा कोटवाला विचारतो आहे की पाकिटावर सही कोणाची, लाखेचे सील कधी केले, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता! परवा अशाच एका तारखेनंतर कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एका तरुण कार्यकर्त्याने आम्हाला सरळ विचारले, ‘‘साहेब, आरोपीच्या शर्टावर रक्त सापडलंय ना? मग एवढ्या प्रश्नांची गरजच काय?’’ आम्ही त्याला अमेरिकेतील एका खटल्याची गोष्ट सांगू लागलो. चहा संपला, गोष्ट अर्धीच राहिली. ती येथे पुरी करीत आहोत.

१२ जून १९९४ च्या रात्री लॉस एंजेलिस शहरात निकोल ब्राऊन सिम्पसन आणि रोनाल्ड गोल्डमन या दोघांचा निकोलच्या घराच्या फाटकाशी चाकूने खून झाला. आरोप आला निकोलचा घटस्फोटित पती ओ. जे. सिम्पसन याच्यावर. सिम्पसन हा काळा, पण साधासुधा काळा माणूस नव्हे. फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू, सिनेमातला नट, पैसेवाला. याच पत्नीला मारहाण केल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर खटला होऊन त्याने आरोपाचा प्रतिवाद न करता शिक्षा पत्करली होती. हे आम्ही मुद्दाम आधी सांगतो. कारण हा खटला म्हणजे गोऱ्यांविरुद्ध काळ्यांचा विजय, एवढेच ऐकून टाळ्या वाजविणारे आपल्यातही आहेत. त्या फाटकाशी मरून पडलेली बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून पोलिसांना फोन करणारी बाई होती, हे विसरून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

सरकार पक्षाकडे डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नव्हता. रक्त मात्र भरपूर होते. खुनाच्या जागी रक्ताळलेल्या बुटांच्या ठशांच्या डावीकडे पडलेले थेंब, सिम्पसनच्या गाडीतले रक्त, त्याच्या घराच्या आवारातले रक्त, त्याच्या शयनगृहातल्या मोज्यावरचे रक्त, मागच्या फाटकावरचे रक्त आणि दोन हातमोजे. घटनास्थळच्या एका थेंबाबद्दल प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाने सांगितले की असा डीएनए सतरा कोटी माणसांत एखाद्याचाच असू शकतो. सतरा कोटींत एक! आपल्याकडच्या एखाद्या सत्र न्यायालयात हा आकडा आला असता तर आरोपीच्या वकिलाने खाली बसून घेतले असते. तेथे मात्र बॅरी शेक नावाचा वकील उभा राहिला. सतरा कोटी हा आकडा कसा काढला, या वादात तो फारसा शिरलाच नाही. त्याने विचारले, हा थेंब जमिनीवरून उचलला कोणी?

पोलिसांचा तंत्रज्ञ डेनिस फंग एप्रिल १९९५ मध्ये नऊ दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होता. त्यातला मोठा भाग उलटतपासणीचा. त्यातून निघाले ते असे. रक्ताचे बरेचसे नमुने त्याने नव्हे तर त्याच्या हाताखालच्या शिकाऊ तंत्रज्ञ बाईने गोळा केले होते. ओले नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तापलेल्या गाडीत तासन् तास ठेवले होते. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि रक्त कुजते, हे शिकवायला तज्ज्ञ लागत नाही, ओला भाकरतुकडा पिशवीत बांधून ठेवणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असते. निकोलच्या प्रेतावर तिच्याच घरातली चादर आणून टाकली होती, म्हणजे घरातले केस आणि धागेही बाहेर आले. मागच्या फाटकावरचा डाग उचलला ३ जुलैला, खुनानंतर तीन आठवड्यांनी. मोजे १३ जूनला जप्त झाले. जूनच्या अखेरीस प्रयोगशाळेत पाहिले तेव्हा त्यांवर रक्त दिसल्याची नोंद नाही. रक्त सापडले ४ ऑगस्टला. (साक्ष संपल्यावर हाच फंग बचाव पक्षाच्या टेबलाशी जाऊन सर्वांशी हस्तांदोलन करून गेला. माणूस घामाघूम झाला होता, पण त्याच्या मनात राग नव्हता असे दिसते.)

आता या सगळ्यांत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एका लहानशा काचेच्या नळीची गोष्ट. १३ जूनला पोलीस मुख्यालयात सिम्पसनचे रक्त तुलनेसाठी काढण्यात आले. काढणाऱ्या पुरुष परिचारकाने प्राथमिक सुनावणीत सांगितले की सुमारे आठ मिलिलिटर काढले. ती नळी तपासी अधिकारी फिलिप व्हॅनॅटर याने जागच्या जागी नोंदवून जमा करायला हवी होती. त्याने ती तशीच बरोबर घेतली आणि काही तासांनी मैलोगणती दूर, सिम्पसनच्या घरी, जेथे पुरावा गोळा करणे चालूच होते तेथे, नेऊन फंगच्या हाती दिली! बचाव पक्षाने नंतर प्रत्येक चाचणीला किती रक्त लागले याचा हिशेब मांडला. हिशेब साडेसहा मिलिलिटरचा लागला. मग दीड मिलिलिटर गेले कोठे? दीड मिलिलिटर म्हणजे चमच्याच्या तळाशी मावेल एवढे. पण फाटकावर किंवा मोज्यावर लावायला तेवढे पुष्कळ झाले. परिचारकाने पुढे जबाब फिरविला, मी साडेसहाच काढले असेल म्हणाला. तोपर्यंत ज्युरीच्या मनात जे रुजायचे ते रुजले होते.

अशा नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते. म्हणून बचाव पक्षाने विचारले की फाटकावरच्या आणि मोज्यावरच्या रक्तात ते रसायन आहे काय? एका तज्ज्ञाने आहे म्हटले. एफबीआयच्या तज्ज्ञाने म्हटले की नळीतले रक्त असते तर जेवढे दिसायला हवे तेवढे ते नाही, आणि हे रसायन साबणापासून खाण्याच्या डब्यापर्यंत पुष्कळ ठिकाणी असते. आणखी एका तज्ज्ञाने सांगितले की मोज्याच्या एका बाजूचे रक्त झिरपून आतल्या दुसऱ्या बाजूला लागले आहे. मोजा पायात असता तर मध्ये पाय आला असता. प्रयोगशाळेतल्या माणसाने कबूल केले की सिम्पसनची नळी उघडताना रक्त त्याच्या हातमोज्याला लागले होते, आणि घटनास्थळचे नमुनेही त्याच दिवशी त्याच्याच हाताखाली होते.

सरकार पक्षाकडे उत्तर नव्हते असे नाही. प्रत्येक डागाशेजारच्या कोऱ्या जागेचाही नमुना घेतलेला होता. प्रयोगशाळेत रक्त सांडून सगळीकडे पसरले असते तर त्या कोऱ्या नमुन्यांतही सिम्पसनचा डीएनए आला असता. तो आला नाही. शिवाय घटनास्थळचे थेंब पोलिसांनी उचलले तेव्हा सिम्पसनचे रक्त अजून काढलेलेच नव्हते. हे मुद्दे जड आहेत. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असताना या खटल्यावर मिळेल ते वाचले, आणि आमचे स्वतःचे मत असे झाले की पुराव्याचा मोठा भाग खरा असावा. पण ‘मोठा भाग खरा’ ही फौजदारी कायद्याची भाषा नव्हे. दहा डागांपैकी दोन डाग संशयास्पद ठरले की उरलेले आठ उचलणारा हातही तोच असतो, ही अडचण आहे.

आणि हात कोणाचा, या प्रश्नाचे दुसरे उत्तर मार्क फर्मन नावाच्या पोलिसाने दिले. सिम्पसनच्या घरामागे रक्ताळलेला हातमोजा ‘सापडला’ तो याला. मार्च १९९५ मध्ये उलटतपासणीत त्याला विचारले की गेल्या दहा वर्षांत तू काळ्यांसाठीची ती घाणेरडी शिवी कधी वापरलीस काय? तो शपथेवर नाही म्हणाला. आपल्याकडे जातीचे नाव घेऊन जशी शिवी दिली जाते तशीच ती शिवी. पुढे एका पटकथालेखिकेने घेतलेल्या त्याच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती बाहेर आल्या. त्यांत ती शिवी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा होती. सप्टेंबरमध्ये त्याला ज्युरीच्या अपरोक्ष पुन्हा पिंजऱ्यात उभे केले तेव्हा त्याने मौनाचा हक्क सांगितला. पुरावा पेरला काय, या प्रश्नालाही तेच उत्तर! १९९६ मध्ये खोट्या साक्षीच्या आरोपाला त्याने प्रतिवाद केला नाही.

आता वाचकांनी त्या बारा ज्युरींच्या जागी बसून पाहावे. नऊ काळे, दोन गोरे, एक लॅटिनो. याच शहरात मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलिसांनी रस्त्यावर काठ्यांनी बडविले, त्याचे चित्रण जगाने पाहिले, आणि तरीही एप्रिल १९९२ मध्ये एकही काळा माणूस नसलेल्या ज्युरीने त्या पोलिसांची मारहाणीच्या आरोपातून जवळजवळ पूर्ण सुटका केली. शहर पेटले, साठाहून अधिक माणसे मेली. त्या पोलीस खात्याने ‘आमच्यावर विश्वास ठेवा, नळी खिशातून नेली तरी आम्ही काही केले नाही’ असे म्हणावे आणि काळ्या वस्तीतल्या बाईने ते मान्य करावे? ३ ऑक्टोबर १९९५ रोजी निकाल लागला, निर्दोष. आठ-नऊ महिन्यांच्या खटल्यावर ज्युरीचा विचारविनिमय चार तासांहून कमी.

पुढे फेब्रुवारी १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयाने त्याच सिम्पसनला त्या दोन मृत्यूंना जबाबदार धरून एकूण तीन कोटी पस्तीस लाख डॉलर द्यायला सांगितले. दिवाणीत पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहतात. फौजदारीत वाजवी संशय उरता कामा नये. १० एप्रिल २०२४ रोजी सिम्पसन वारला.

सिम्पसन सुटला कारण त्याच्याकडे पैसा होता, हे खरेच आहे. त्याचा प्रमुख वकील जॉनी कॉक्रन याने हेच कसब एका निर्धन माणसासाठी कितीतरी आधी पणाला लावले होते. ब्लॅक पँथर चळवळीचा नेता जेरोनिमो प्रॅट याला १९७२ मध्ये खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली. त्याच १९७२ साली मुंबईत ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्रॅटचा वकील कॉक्रनच होता. तो खटला तो हरला. सरकारचा मुख्य साक्षीदार पोलिसांचा खबऱ्या होता, ही गोष्ट ज्युरीपासून लपविली गेली होती. ती उघड होऊन प्रॅट सुटायला १९९७ साल उजाडले. सत्तावीस वर्षे तुरुंगात! आणि बॅरी शेक? त्याने पीटर न्यूफेल्डबरोबर १९९२ मध्येच ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ सुरू केला होता. ज्या डीएनएच्या नमुन्यांवर त्याने सिम्पसनच्या खटल्यात प्रश्नांचा मारा केला, त्याच डीएनएच्या आधारे या कामातून शेकडो निरपराध कैदी सुटले. त्यांतले निम्म्याहून अधिक काळे. यात विसंगती नाही. नीट उचललेले रक्त निरपराधाला सोडवते; भोंगळपणे उचललेले रक्त कोणालाही अडकवते किंवा कोणालाही सोडते.

तज्ज्ञावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये, याचा दाखला याच खटल्यातून मिळतो. सिम्पसनच्या बाजूने साक्ष देऊन पोलिसांच्या कामावर बोट ठेवणारे डॉ. हेन्री ली हे जगन्मान्य शास्त्रज्ञ. त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या १९८५ च्या एका खुनात सरकारच्या बाजूने साक्ष दिली होती की टॉवेलवरचा डाग रक्ताचा आहे, आपण चाचणी घेतली आहे. दोन तरुणांना १९८९ मध्ये शिक्षा झाली. पुढे तपासले तर तो डाग रक्ताचा नव्हताच. तीन दशके तुरुंगात काढून ते बाहेर आले आणि जुलै २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी पुरावा बनावट केल्याबद्दल डॉ. ली यांना जबाबदार ठरविले. डॉ. ली यांनी आरोप नाकारला आहे. पण त्या दोघांची तीस वर्षे?

आता आपल्या सत्र न्यायालयात या. फंग नऊ दिवस पिंजऱ्यात होता. आपल्याकडे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला कोर्टात सगळे ‘सी.ए. रिपोर्ट’ म्हणतात, तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ खाली, आणि आता नव्या संहितेच्या कलम ३२९ खाली, तज्ज्ञाला न बोलावताच पुराव्यात वाचला जातो. न्यायालय बोलावू शकते. पण बोलावते किती वेळा? एक पान येते, त्यावर निशाणी पडते, काम संपते. त्या पानावर बहुतेक वेळा असते काय? ‘मानवी रक्त. गट निश्चित करता आला नाही.’ सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्यातल्याच एका खटल्यात, १९५६ च्या ए.आय.आर. मध्ये तो निकाल छापलेला आहे, रासायनिक परीक्षकांना समज दिली होती की प्रत्येक वस्तूवर डाग किती आणि केवढे हे अहवालात लिहा. धोतरावरचा एक ठिपका आणि रक्ताने भिजलेले धोतर यांत फरक असतो! सत्तर वर्षे होत आली. आमच्या फाईलमधले अहवाल काढून दाखवू काय?

या भोंगळपणाने मरतो कोण? दोन्हीकडून आपणच. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा खून झाला. भटक्या जमातीतली सहा माणसे पकडली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी ठेवली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. कारण घटनेनंतर लगेच प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंतून चार भलत्याच माणसांना ओळखले होते आणि त्या चौघांकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते. खटल्यात हा प्रश्न पहिल्याच दिवशी लावून धरला गेला असता तर? भटक्यांना गुन्हेगार ठरवायला आपल्याकडे प्रश्न विचारावे लागत नाहीत, न विचारणेच पुरते.

दुसरीकडे खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. पहिले शवविच्छेदन इतके हलगर्जीपणे झाले की प्रेत उकरून पुन्हा तपासणी करावी लागली, आणि तोवर पाण्याने व मातीने जे न्यायचे ते नेले होते. अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या खटल्यात टिकला नाही याबद्दल आपण मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण पहिल्या चोवीस तासांत जे हरवते ते मोर्चाने परत येत नाही.

बाबासाहेब स्वतः आरोपीचे वकील म्हणून उभे राहिले होते, हे आपण सहज विसरतो. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकाच्या खटल्यात ते आरोपींच्या बाजूने होते, र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’साठी खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये त्यांच्याही बाजूने उभे होते. संविधानाच्या कलम २२ मध्ये अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचावाचा हक्क आहे. त्यात जात लिहिलेली नाही. म्हणून आरोपीच्या वकिलाने घातलेल्या प्रश्नांवर संतापण्याऐवजी त्या प्रश्नांचे उत्तर फाईलमध्ये आधीच का नव्हते, यावर आम्ही संतापतो.

टपरीवरच्या त्या तरुणाकडे परत जाऊ. त्या दिवशी कोर्टात काय झाले होते? खटला जुना, खुनाचा आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा. आम्ही मृताच्या कुटुंबाच्या वतीने हजर असतो. आरोपीचा शर्ट अटकेनंतर चौथ्या दिवशी निवेदन पंचनाम्याने काढून दिलेला. दोन पंचांपैकी एक जण पोलीस ठाण्याला गाडी भाड्याने देणारा, तो आधीच फितूर झाला. शर्ट जप्त झाला सोमवारी, मुद्देमाल कारकुनाकडे नोंद आहे बुधवारची. प्रयोगशाळेत गेला तेविसाव्या दिवशी. बचावाच्या वकिलाने तपासी अंमलदाराला विचारले, सोमवार ते बुधवार शर्ट कोठे होता? ‘‘माझ्या कपाटात.’’ कपाटाला कुलूप होते काय? ‘‘आठवत नाही.’’ मृताचे रक्ताळलेले कपडेही त्याच कपाटात होते काय? अंमलदार गप्प. साहेबांनी नोंद घेतली: साक्षीदार उत्तर देत नाही.

व्हॅनॅटरची नळी आणि आमच्या अंमलदाराचे कपाट! वर सी.ए. रिपोर्ट म्हणतो, मानवी रक्त, गट अनिश्चित. २०१९ मध्ये छत्तीसगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की जप्तीच संशयास्पद असेल किंवा ढवळाढवळीची शक्यता असेल तर नुसते मानवी रक्त आहे म्हणून भागत नाही. बचावाच्या वकिलाला हा निकाल पाठ आहे. सरकारी वकिलाने फाईल बंद करून पुढच्या खटल्याची उघडली.

बाहेर आल्यावर मृताच्या आईने आम्हाला विचारले, ‘‘वकीलसाहेब, ते रगत माझ्याच लेकराचं हाय न्हवं?’’ आम्ही हो म्हणालो. आम्हाला ते माहीत आहे. फाईलला माहीत नाही.

नव्या संहितेच्या कलम १७६ (३) मध्ये सात वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे अशी तरतूद आहे. संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, ही तरतूद मात्र राज्याने पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. तोवर काय? तोवर घटना कळताच गावात जाणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी घोषणा देऊन झाल्या की पंचनाम्याजवळ उभे राहावे. अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षकाने करायचा असतो. तो आला आहे की जमादारावर भागवले आहे, पाहावे. कपडे कागदात बांधले की प्लास्टिकमध्ये, वाळवले की ओलेच कोंबले, कोणत्या दिवशी जमा केले, कोणता हवालदार ते घेऊन प्रयोगशाळेत गेला, हे वहीत लिहून ठेवावे. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे.

आमच्या खटल्यात ती वेळ गेली आहे. पण २०१६ पासून लागू असलेल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ (४) ने पीडिताला दस्तऐवज आणि साक्षीदार मागविण्याचा अर्ज करण्याचा हक्क दिला आहे, तो अजून हातात आहे. मृताचे कपडे शवविच्छेदनानंतर थेट मुद्देमाल कारकुनाकडे गेले असतील, त्या कपाटात कधी आलेच नसतील, तर ते रजिस्टर सांगेल. आणि शर्ट नेणाऱ्या हवालदाराला सील कसे होते ते आठवत असेल किंवा नसेल. रजिस्टरही आमच्याविरुद्ध निघू शकते, हे आईला समजावून सांगितले आहे. ती म्हणाली, मागवा. अर्जावर तिचा अंगठा झाला आहे. पुढच्या तारखेला तो दाखल करतो आहोत.